मेंढी काय बोलती व्हय?

न्हावरे, ता. १२ जानेवारी २०२५

सुभान कंपाउंडर, मुक्काम दौंड, यांना रखमाजीचा रामराम.

रामराम लिहावा का नुसतं नाव टाकून कामाचं बोलावं, ह्याच्यावर दोन दिस गेले. शेवटी आमची अनसाबाई म्हणाली, लिहा की, तुमच्या खिशातलं काय जातंय. म्हणून लिहिलाय. राग सोडला असा त्याचा अर्थ लावू नये. पत्रात तुम्हाला मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणतोय, त्यावरनं ध्यानात घ्यावं.

फोनच केला असता. पण चार वर्षांमागं तुम्ही माझा नंबर बंद करून टाकलाय. दर दिवाळीला लावून बघतो, आतली बाई म्हणती व्यस्त आहेत. चार वर्षं माणूस व्यस्त कसा काय राहील? म्हणून पोस्टातनं पाकीट आणलं. अक्षर चौथीतलंच हाय, त्याच्या पुढं गेलं न्हाई. वाचा जमंल तसं.

काम येवढंच की मला बरं न्हाई.

महिना झाला. दुपार कलली की हुडहुडी भरून ताप येतो. सकाळपतुर सदरा घामानं भिजून चिंब. चार दिस बरं वाटतं, की परत तेच. आन् कंबर अशी धरलीय की धोतराचा सोगा मागं खोचायला अनसाबाई लागती. ती खोचता खोचता बोलती, त्ये वेगळंच दुखणं. हुडहुडी भरली की ट्रंकेत एक नवी कोरी घोंगडी पडली हुती ती काढून पांघरतो. कुणासाठी विणून घेतली हुती ते इचारू नका.

माझा हनुमंत आता कोरेगाव भिम्याला कंपनीत सुपरवायझर हाय. त्यानं रजा टाकून मला शिरूरला डाक्टरकडं न्हेलं. नाव लिहीत न्हाई, त्याला बी पोरंबाळं असतील. आता तुम्हाला माझी रीत ठाऊक हाय. डाक्टरला आपण सांगायचं न्हाई, त्यानं वळखायचं. मेंढी काय बोलती व्हय? आमच्या बापानं जलमभर मेंढरं राखली, पण एकीनं कवा सांगितलं न्हाई की मालक, मला हितं दुखतंय. बाप पापणी उलटी करून बघायचा, कान मुठीत धरायचा, लेंडी फोडून हुंगायचा आन् बिनचूक सांगायचा. जनावरांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं तुम्ही बी तेच केलं. मग येवढं शिकलेल्या माणसाला त्ये यायला नको?

तर मी खुर्चीत बसलो आन् गप राहिलो. डाक्टर कंप्युटरकडं बघत म्हणाला, “काय होतंय?” म्हटलं, “तुम्ही बघा की.” त्यानं कंप्युटरच बघितला. टकटक टकटक केलं. नळी गळ्यात हुती ती गळ्यातच राहिली. म्हणाला, “व्हायरल आहे. नेक्स्ट.” मी धोतर सावरून उठेस्तवर पुढचा माणूस माझ्या मांडीवर बसायला आला.

आठ दिसांनी परत गेलो. ह्या खेपेला त्यानं फाईल काढून वाचली. मान खालीच. म्हणाला, “छान, शुगर आता आटोक्यात आहे. गोड बंद ठेवा, गुलशनबाई.” सुभान, माझ्या डोक्यावर पागोटं, तोंडावर येवढी मिशी! मी काय बोलणार? म्हटलं, “बरं.” हनुमंत म्हणतो, आबा, तुम्ही सांगायचं न्हाई का? मी का सांगू? ज्याला बाई आन् बापय कळंना, त्याला ताप काय कळंल?

तर तुम्ही एवढंच कळवा, हे काय आसंल. एडक्याचा विषय मी काढणार न्हाई. माझा सरदार, पंचक्रोशीत तसला एडका नव्हता, तुमच्या सुईनं गेला असं मी चारचौघांत बोललो. बोललो ते बोललो. पण विषय काढणार न्हाई.

कळावे,
रखमाजी


न्हावरे, ता. २४ जानेवारी २०२५

सुभानभाई,

उत्तर न्हाई. बरं. पाकीट पोचलं न्हाई असं धरून चालतो. पोचून बी गप बसला असाल तर तुमची तुम्हाला शोभा.

डाक्टर बदलला. हा बी शिरूरलाच, पण एसटी स्टँडच्या अंगाला. ह्याच्याकडं गेलं की सलाईन. पडसं हाय, सलाईन. काटा मोडला, सलाईन. बायकूला डबा द्यायला आलेल्या एका माणसाला चुकून लावली, त्यानं बी लावून घेतली. मी दोन दिस बाकड्यावर आडवा हुतो. डाक्टर सकाळी एक डाव यायचा. दारातनंच, “बरं वाटतंय ना?” आन् मी तोंड उघडेपतुर पुढच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मी ठरवून ठेवलं. दारात त्याचं पाऊल पडलं की लगेच “न्हाई!” म्हणून वरडलो. त्येवढ्यात नर्सबाई बादली घेऊन आत आली हुती. ती दचकून बादलीसकट पडली. डाक्टर तिच्याकडं धावला. तिला बी सलाईन लावली.

हात मला कुणीच लावला न्हाई सुभान. दोन डाक्टर झाले, पर अंगाला हात एकाचा बी न्हाई. तू कोकराला सुद्धा आधी पाठीवरनं हात फिरवायचास. मगच सुई.

(‘तू’ चुकून लिहून गेलो. खोडलं तर पान घाण दिसंल. ऱ्हाऊ दे.)

तिथं एक कागद भरून घेत्यात. व्यवसाय काय, म्हणून रकाना हुता. हनुमंतानं लिहिलं ‘बागायतदार’. वर मला कानात सांगतो, आबा, हितं मेंढरांचं नाव काढू नका, लोक येगळ्या नजरंनं बघत्यात, आपण काय आता रानोमाळ हिंडणारी माणसं न्हाई. म्हटलं, बाबा, ह्या डाक्टरनं कुठल्या तरी नजरंनं बघावं येवढंच मागणं हाय.

बाकी घरी ठीक. कांदा काढणीला आलाय. मेंढरं बारा ठेवलीत. दोन गाभडल्या, दिस भरायच्या आधीच मेली कोकरं टाकली. ते सोडा, चालायचंच.

तब्येतीचं कळवा. माझ्या म्हणतोय. तुमची काय, बरीच आसंल.

रखमाजी


न्हावरे, ता. ९ फेब्रुवारी २०२५

सुभान,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी माणूस लिहितो, तर काय लिहितो? रामराम न्हाई, सलाम न्हाई. “मेंढ्या नेमक्या किती गाभडल्या? हात कुणी घातला? कच्चं दूध पितोस का? सुभान.” झालं!

अरं, मी माझं दुखणं लिहितोय आन् तू मेंढरांची चौकशी करतोस? ताप मला येतोय का मेंढीला? रिटायर झालास तरी खात्याचं येड काय डोक्यातनं गेलं न्हाई. अनसाबाईला कार्ड वाचून दाखवलं. नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिचं तसं बघणं मला आवडत न्हाई.

हितं काय चाललंय ते ऐक. हनुमंताच्या कंपनीचा इमा हाय, त्याच्यात आईबाप बसत्यात. म्हणून मला पुण्याच्या मोठ्या हास्पिटलात न्हेलं. तिथं एका पिंपात घातलं. आत अर्धा तास कुणी पत्रा ठोकतंय असा आवाज. बाहेर आलो तर कंबरेचा फोटो तयार. मग मोठा डाक्टर. ह्याचं बोलणं लई गोड, पर समदं हनुमंताशी. “बाबांना बसायला त्रास होतो का?” मी तिथंच बसलेलो. “बाबांना भूक लागते का?” मी म्हटलं लागती. तो हनुमंताला म्हणतो, “लागते म्हणायचं.” मग त्यानं टेबलावरचा प्लास्टिकचा मणका हातात घेतला आन् त्या मणक्याला दाबून दाबून बघितलं. माझ्या मणक्याला न्हाई. म्हणाला, वयामानानं झिजलाय, चार स्क्रू टाकू. तापाचं इचारलं तर म्हणाला, तो आमच्या खात्यात येत न्हाई, त्याला दुसरे सर आहेत, ते परदेशी गेलेत.

तारीख धरलीय. चार मार्च, मंगळवार.

सुभान, मला भ्या वाटतंय. हे घरात कुणाला बोललो न्हाई. हनुमंत म्हणतो, आबा, आजकाल काय न्हाई त्याच्यात. पर पाठ माझी उघडणार. परत उठलो न्हाई तर? धोतर सोड, कूस बदलायला माणूस लागंल. आन् मला आतनं वाटतंय की दुखणं कंबरेत न्हाईच. दुसरंच काय तरी हाय आन् कुणी बघतच न्हाई.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: मेंढ्या दोनच गाभडल्या. हात मी घालत न्हाई, त्या आपल्या आपण मोकळ्या होत्यात. दूध उकळूनच पितो. झालं समाधान?

आता माझं सांग.

रखमाजी


न्हावरे, ता. १७ फेब्रुवारी २०२५

सुभान,

दुसरं कार्ड परवा दुपारी आलं. पोस्टमननं वाचलं असणार, कारण देताना तो माझ्या तोंडाकडं बघंना.

“रखमा, खोटं लिहू नको. सरदाराच्या टायमाला पण मी एकच विचारलं होतं, काय खाल्लं. तू काय म्हणालास ते आठव. खरं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर पुन्हा लिहू नको.”

कालची पुरी दुपार गोठ्यात बसून काढली. आता लिहितो. एका दमात लिहितो, मधी थांबलो तर हुणार न्हाई.

मेंढ्या पाच गाभडल्या. दोन न्हाई, पाच. चौघींची कोकरं मी हातानं वढून काढली, कोपरापतुर हात घालून, धोतराला पुसून. आमच्या बापानं असंच केलं. कुणाला बोललो न्हाई, कारण कळपात गाभडण लागलंय अशी बोंब झाली तर बाजारात मेंढराला कोण हात लावणार? मेंढीचं दूध कच्चंच पितो. धारेखाली तोंड धरून. तुला ठाऊक हाय आन् तरी इचारतोस.

आता सरदाराचं.

त्याला बघायला दौंडच्या बाजूचं गिऱ्हाईक यायचं हुतं. मला वाटलं पोट जरा भरीव दिसावं. म्हणून सकाळच्या पारी अनसाबाई नळावर गेली तवा पायलीभर बाजरी त्याच्या म्होरं वतली. समदी खाल्ली त्यानं. दुपारी फुगला, दात खायला लागला. तुला बोलावलं. तू आलास, पाठीवरनं हात फिरवलास, पोटावर टिचकी मारलीस आन् मला इचारलंस, “रखमा, काय खाल्लं ह्यानं?” मी म्हटलं, रोजचाच पाला. तू परत इचारलंस. मी परत पाला. तू सुई दिलीस ती पाल्यावरची दिलीस. बाजरी सांगितली असती तर तू दुसरं काय तरी केलं असतंस, नळी घातली असतीस, काय बी. दिस मावळायला तो गेला.

मला स्वतःला तोंड दाखवायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डेअरीवर दुधाच्या टायमाला वीस-पंचवीस माणसं हुती, त्यांच्यात बोललो, सुभाननं सुई चुकवली, माझा सरदार मारला. तुझ्या रिटायरमेंटला दोन महिने हुते. गावानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला हुता, तू आला न्हाईस. चहाचा कप बी न घेता दौंडला गेलास. अठ्ठावीस वर्षं ज्या गावाची जनावरं राखलीस, तिथनं तसा गेलास. त्ये माझ्यामुळं. मी खोटारडा हाय सुभान. लेका, मला माफ कर. केलं न्हाईस तरी चालंल, पर खरं हे असं हाय.

आता सांग नको सांगू, तुझी मर्जी. ऑपरेशनला पंधरा दिस राहिलेत.

रखमाजी


न्हावरे, ता. २५ फेब्रुवारी २०२५

सुभान,

तुझं तिसरं कार्ड चौथ्याच दिवशी आलं! माफीचं एक अक्षर त्याच्यात न्हाई, नुसत्या सूचना. ऑपरेशन थांबव. रक्त तपास. अनसाबाईचं बी तपास. मेंढरांना सरकारी डाक्टर बोलाव, लपवू नको. हात घालायचा तर मोजे घालून. पांघरूण कढत पाण्यानं धुऊन उन्हात घाल. दूध उकळ. आन् खाली इंग्रजीत त्या तपासणीचं नाव, “हे डॉक्टरला दाखव.”

दाखवलं. कुणाला म्हणशील? त्याच टकटक डाक्टरला. हनुमंत नको म्हणत हुता, पर मी हट्टानं गेलो. खुर्चीत बसलो. तो कंप्युटरकडं बघत, “काय होतंय?” मी कार्ड सरळ त्याच्या टकटकीवर ठेवलं. त्यानं उचललं. आधी पत्त्याची बाजू वाचली, मग उलटी बाजू. मग परत पहिल्यापासनं.

“हे डॉक्टर सुभान कुठले? एमडी कुठं केलं त्यांनी?”

म्हटलं, “न्हावऱ्याला. जनावरांच्या दवाखान्यात. कंपाउंडर हुते.”

आन् सुभान, त्या माणसानं मान वर केली. पहिल्यांदा! डोळे घारे हायेत त्याचे. वय बी फार न्हाई, चाळिशीचा आसंल. माझं पागोटं, मिशी, समदं नीट बघितलं.

“तुम्ही मेंढ्या पाळता?”

“व्हय.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का?”

“तुम्ही आधी इचारायचं न्हाई का?”

तो इचारणार न्हाई आन् मी सांगणार न्हाई, ह्याच्यात दोन महिने गेले की रे. हनुमंत खाली बघत हुता. त्यानं लिहिलेला ‘बागायतदार’ त्याला बी आठवला आसंल.

मग डाक्टर उठला. मला आडवं केलं, गळ्यातली नळी काढून कानात घातली, पोट दाबलं, काखेत बघितलं, कंबरेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यानं चेपलं. हात बर्फासारखा गार. पर खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या. डाक्टर म्हणाला, दुखतंय का? म्हटलं, न्हाई, दुखत न्हाई.

रक्ताचा कागद आज आला. तू लिहिलंस तेच निघालं. मेंढरांकडनं माणसाला येतो तो ताप, कंबर बी त्यानंच धरती म्हणं. सहा आठवडे गोळ्या, एक बी चुकवायची न्हाई. अनसाबाईचं रक्त चांगलं निघालं. म्हणाली, मी दूध उकळून पिते म्हणून. हे ती आता दिसातनं चारदा म्हणती.

पुण्याच्या मोठ्या डाक्टरला हनुमंतानं कागद धाडला. तो फोनवर हनुमंताला म्हणाला, बाबांना विचारा, स्क्रू आता नकोच का? मी फोन हिसकावून घेतला आन् म्हटलं, बाबा बोलतोय. नको.

सरकारी डाक्टरनं मेंढरांचं रक्त न्हेलंय. बाजार बंद. हूं दे.

रखमाजी


न्हावरे, ता. १६ मार्च २०२५

सुभान,

सलाम. आधी सलामच लिहिला ह्या डावाला.

ताप येऊन दहा दिस झाले, परत आला न्हाई. काल माझं धोतर मी स्वतः नेसलो. अनसाबाई कंबरेवर हात ठेवून तपासत हुती, सोगा वाकडा हाय म्हणाली. असू दे.

आता मुद्द्याचं. तुला पत्रात सांगून भागणार न्हाई हे मला समजत हुतं. जिथं बोललो तिथंच बोलायला पायजे. म्हणून परवा सांजच्याला दुधाच्या टायमाला डेअरीवर गेलो. म्हशीच्या दुधाची किटली खाली ठेवली. छाती अशी धडधडत हुती, म्हटलं ताप परत आला का काय. मोठ्यानं म्हटलं, “मंडळी, ऐका. माझा सरदार सुभाननं मारला न्हाई. मी मारला. पायलीभर बाजरी घातली आन् सुभानपासनं लपवली. गावासमोर त्याचं नाव घेतलं ते खोटं हुतं.”

मग चांगदेव, दूध मोजणारा रे, म्हणाला, “आबा, किटली पुढं सरकवा, मागं लाईन हाय.”

“अरं, मी काय बोललो ते ऐकलंस का?”

“ऐकलं की. चार वर्षं झाली ऐकून. काकूंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं हुतं.”

सुभान, मी लाईनीतनं बाजूला झालो. अनसाबाईला गव्हाणीत बाजरी सापडली हुती. तिनं नळावर सांगितलं. नळावरनं गावात. लहान पोरांसकट समद्यांना ठाऊक! चार वर्षं मी ह्यांच्यात बसून सरदाराची आठवण काढून उसासे टाकायचो आन् ही मंडळी गंभीर तोंड करून ऐकायची.

घरी येऊन अनसाबाईला इचारलं, मला का बोलली न्हाईस? म्हणाली, “तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत हुते.” आन् सुभानला का कुणी कळवलं न्हाई? डेअरीवर बी हेच इचारलं हुतं. सगळ्यांचं उत्तर एकच: “ते तुमचं काम हुतं.”

म्हंजी बघ. ह्या गावात तुला दोष देणारं एक बी माणूस नव्हतं. चार वर्षं तू दौंडला कुणापासनं तोंड फिरवून बसला हुतास? येवढी साखर, येवढा चहा, येवढी माणसं तुझी वाट बघत हुती, आन् ते तुला ठाऊक न्हाई. ह्याची भरपाई माझ्याकडं काय बी न्हाई. नुसतं वाईट वाटतंय, लई वाटतंय.

आता तुझे रोजे चालू असतील. म्हणून निरोपाचा चहा ईदच्या नंतर धरलाय, डेअरीवरच, समद्यांच्या समोर. आन् ती घोंगडी. ती तुझीच हाय रे. तुझ्या निरोपाला अंगावर घालायची म्हणून सरदाराच्या लोकरीची विणून घेतली हुती, तो जित्ता असतानाच. तुझ्याच घोंगडीत मी दोन महिने कुडकुडलो. अनसाबाईनं ती कढत पाण्यानं दोनदा धुतली, आठ दिस कडक उन्हात घातली, तुझ्या कार्डात लिहिलंय तसं. कोरी राहिली न्हाई, पर ऊबदार हाय.

एक लिहायचं राहिलं. सकाळी सहज तुझा नंबर लावला, सवय म्हणून. ती बाई बोललीच न्हाई. रिंग गेली. खरोखरची रिंग, सुभान! तीन वाजल्या आन् मी घाबरून फोन कट केला. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हणून आधी हे लिहून काढलं, आता समदं ठरलंय. पत्र पोचायला दोन दिस धर. बुधवारी सकाळी दहाला लावतो. उचल.

तुझा,
रखमा